वरून उचलायचे, खाली सोडायचे : पंचगंगा, आपली वसतिगृहे आणि ‘हिरव्या’ जगण्याचा हिशेब

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहरात पोहोचले. पन्नासहून अधिक किलोमीटरवरून आणलेले हे पाणी म्हणजे शहराच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाचे फळ. शहराला चांगले पाणी मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याच दिवाळीत, त्याच शहराचे सांडपाणी ज्या पंचगंगेत जाते, त्या नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांचे काय बदलले? काहीच नाही. उलट शहराला आता नदीच्या पाण्याची पूर्वीइतकी गरज उरली नाही, म्हणून नदीची काळजी करणारा एक मोठा आवाज मात्र कमी होण्याची भीती निर्माण झाली.

दरवर्षी ५ जूनला आपल्या महाविद्यालयांत, वसतिगृहांत पर्यावरण दिन साजरा होतो. एक रोप लावले जाते, पाच जण त्याला धरून फोटो काढतात, ‘विद्यार्थ्यांनी पर्यावरणपूरक जीवनशैली अंगीकारावी’ असे भाषण होते. ही जीवनशैली नेमकी कुणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कोल्हापुरात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे आम्हाला हाच प्रश्न ठेवायचा आहे. त्यासाठी आधी नदीचा उतार समजून घ्यावा लागेल.

उताराचे राजकारण

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती धरून नाव पडले पंचगंगा. कोल्हापूर, रुकडी, इचलकरंजी असे करत शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. अंतर फार नाही. पण एवढ्या अंतरात तिच्यावर शहरांचे मैलामिश्रित सांडपाणी, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग आणि उसाच्या रानातून वाहून येणारी खते-औषधे यांचा सगळा भार पडतो.

कोल्हापूर शहराने पिण्याचे पाणी पूर्वीपासून बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर येथून उचलले. ही सगळी ठिकाणे शहराच्या वरच्या अंगाला. आणि शहराचे सांडपाणी जयंती, दुधाळी यांसारख्या नाल्यांनी खालच्या अंगाला सोडले. वरून उचलायचे, खाली सोडायचे. यात कुणी एक माणूस दुष्ट आहे असे नाही. शहराची रचनाच तशी झाली. कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, त्याने फरक पडला हे मान्य करायलाच हवे. पण नाल्यावरचा पंप बंद पडला, वीज गेली किंवा पावसाने नाला भरला की मैला बंधाऱ्यावरून थेट नदीत जातो. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की पाणी काळे पडते, जलपर्णी पसरते आणि शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले. त्यांपैकी ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात होते आणि पंचगंगा त्यांतलीच एक.

मासे मेले की बातमी होते. माणसाचे आजारपण मात्र घरातच राहते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा मात्र ते लपून राहिले नाही. हजारो लोक आजारी पडले, अनेकांचे जीव गेले. ही कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ विषाणूची होती. तो पसरतो मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून, आणि गरोदर बायांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला काविळीत महिनाभर अंथरुणावर पडून राहणे परवडते का, याचा विचार करा. ज्याच्या घरी पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे, त्याच्यासाठी प्रदूषण ही बातमी असते. नळाचे पाणी जसे येईल तसे भरून ठेवणाऱ्या घरासाठी तो बुडालेला पगार असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली : प्रत्येक जण वरच्याचे सोसतो आणि खालच्यावर ढकलतो. पंचगंगेच्या खोऱ्यात ही विषमता अगदी पाण्यासारखी वाहताना दिसते. कोल्हापूर आपली घाण इचलकरंजीकडे सोडते, इचलकरंजी शिरोळकडे. आणि प्रत्येक गावात नदीच्या काठाची, सखल भागातली, पूर आला की पहिली बुडणारी आणि पूर ओसरला की शेवटी स्वच्छ होणारी जी वस्ती असते, तिथे कोण राहते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. त्या पाण्यात नुसती घरे बुडाली नाहीत, नाले आणि शौचखड्डेही बुडाले, आणि ते सगळे घरांच्या ओट्यापर्यंत आले.

रोहिणी आणि दूधगंगा

इचलकरंजीला, जी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, आज शुद्ध पाणी हवे आहे. मागणी रास्त आहे. शहराने आधी वारणेकडे पाहिले. दानोळी आणि वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवरच्या सुळकूडची योजना पुढे आली. कागल आणि दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. त्यांचे म्हणणेही समजण्यासारखे आहे : तुमची नदी तुम्ही घाण केली, आता आमच्या नदीवर कशाला येता? मोर्चे निघाले, बंद झाले, पुढाऱ्यांनी आपापल्या मतदारसंघाची बाजू घेतली. दोन्हीकडे रस्त्यावर उतरले ते मात्र कामगार आणि शेतकरी.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या कुणालाही इथे रोहिणी नदी आठवेल. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून वाद पेटला आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव मांडला गेला. सिद्धार्थाने त्याला उभे राहून विरोध केला. त्याने सुचवलेला मार्ग अगदी व्यवहारी होता : आपले दोघे निवडा, कोलीयांनी त्यांचे दोघे निवडावेत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. त्याची ही सूचना बहुमताने फेटाळली गेली, आणि बाबासाहेबांच्या मांडणीनुसार सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण हा संघर्ष ठरला. म्हणजे आपल्या धम्माच्या इतिहासाची सुरुवातच पाण्याच्या वादातून, आणि त्या वादात शेजाऱ्याला शत्रू मानायला नकार देण्यातून होते.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी यांसारख्या खोऱ्यांच्या विकासाच्या योजनांना दिशा दिली. त्यामागचा विचार असा, की नदी प्रांतांच्या सीमेनुसार तोडून पाहायची नसते, संपूर्ण खोरे एक मानायचे असते. हा विचार पंचगंगेला लावला तर प्रश्नच बदलतो. ‘इचलकरंजीला कुणाचे पाणी द्यायचे’ एवढाच प्रश्न राहत नाही. ‘इचलकरंजीच्या दारातले पाणी पिण्यालायक कुणी ठेवले नाही’ हाही प्रश्न उभा राहतो. आणि त्याच्या उत्तरात कोल्हापूर शहरातली प्रत्येक मोरी येते. त्यात आपल्या वसतिगृहाची मोरीही आली.

घाण कुणाची, हात कुणाचे

पाण्याइतकाच कचऱ्याचाही विचार आपल्याला करावा लागेल. तथाकथित मुख्य प्रवाहातले पर्यावरणवादी कचऱ्याबद्दल खूप बोलतात. कचरा उचलणाऱ्याबद्दल फार कमी. आपल्याला ती सोय नाही. कोल्हापूर असो की मुंबई, झाडू, टोपली आणि गटारीची काठी कोणत्या जातींच्या हातात राहिली, हा इतिहास आपल्या घरांतला आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क अनेक कुटुंबांचा आधार आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण ज्या समाजात सफाईचे काम वारशाने येते आणि स्वच्छता मात्र दुसऱ्याच्या वाट्याला जाते, त्या समाजाने स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवून घेताना थोडे थांबायला हवे.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये आला. गटारीत मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते. आता वसतिगृहाच्या संडासात टाकलेला पॅड, मोरीत ओतलेले भाताचे शीत, खिडकीतून गटारीत फेकलेली वेफर्सची पिशवी यांचा पुढचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. चेंबर तुंबते. कुणीतरी फोन करतो. कुणीतरी येतो. तो ‘कुणीतरी’ आपल्याच वस्तीतला असण्याची शक्यता मोठी आहे. स्वच्छतेच्या सवयींचा जातीशी संबंध आहे तो असा, आणि तो उलगडून सांगण्यासाठी मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. कशाने? शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या पंचगव्याने. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेण-मूत्राने शुद्ध होते, असे मानणारी ही बुद्धी अजून संपलेली नाही. नदीची आरती करायची आणि त्याच नदीत नाला सोडायचा, ही त्याच बुद्धीची आजची आवृत्ती. आपली भूमिका वेगळी असली पाहिजे. पाणी पवित्र आहे की नाही, हा आपला प्रश्न नाही. ते स्वच्छ आहे का, आणि सर्वांना मिळते का, एवढेच आपण विचारतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

वसतिगृहातल्या खोलीपासून

कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी इथे वसतिगृहे काढली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. आजही चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावड्यापासून सीमाभागातल्या गावांपर्यंतची आपली मुले इथे येतात. कुणी समाजकल्याणच्या वसतिगृहात, कुणी स्वाधार योजनेच्या भरवशावर चौघांत एक खोली घेऊन, कुणी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत.

या मुलांना ‘कमी वापरा’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. ज्याच्याकडे गाडी नाही, जो केएमटीच्या पासवर किंवा वडापने फिरतो, दोन पँटवर वर्ष काढतो, त्याचा पृथ्वीवरचा भार आधीच हलका आहे. म्हणून आम्ही त्यागाची भाषा करत नाही. आम्ही हिशेबाची भाषा करतो : आपल्या पैशाचा, आपल्या तब्येतीचा आणि खालच्या गावाचा.

पाण्यापासून सुरुवात करू. रोज एक वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतली तर महिन्याचे सहाशे रुपये होतात आणि तीस रिकाम्या बाटल्या. तीच रक्कम खोलीतल्या चौघांनी एकदा एकत्र केली तर स्टीलची टाकी आणि चांगला गाळणा येतो. पाण्याबद्दल शंका असेल तेव्हा ते खळखळून उकळणे हा काविळीपासून वाचण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नुसते गाळल्याने विषाणू जात नाही. पाणी दिवसाआड येत असेल तर साठवावेच लागते, पण उघड्या बॅरलमधल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी पालथी घालून, घासून, झाकण लावून ठेवणे एवढी शिस्त पुरते. हे काम रविवारी अर्ध्या तासात होते.

मेसचा विचार करा. शंभर मुलांच्या मेसमध्ये प्रत्येकाने ताटात शंभर ग्रॅम टाकले तरी दिवसाला दहा किलो अन्न वाया जाते, महिन्याला तीनशे किलो. ते कोंडाळ्यात कुजते, त्यावर कुत्री आणि डुकरे येतात, पावसात त्याचे पाणी गटारीत जाते. उद्याच्या जेवणाला किती जण आहेत, हे रात्रीच फळ्यावर लिहिले तरी यातले बरेच वाचते. उरलेला ओला कचरा आवारातल्या एका खड्ड्यात किंवा जुन्या पिंपात पालापाचोळ्याच्या थरांत टाकला तर काही महिन्यांत खत होते. कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करणे हे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ पासून बंधनकारक आहे. टिपर दारात आल्यावर ओले-सुके एकत्र दिले, की ते वेगळे करायला पुढे कुणाचे तरी उघडे हातच लागतात. आणि न वेगळे केलेल्या कचऱ्याचे काय होते, हे लाइन बझारच्या झूम प्रकल्पावरच्या ढिगांनी कोल्हापूरकरांना वर्षानुवर्षे दाखवले आहे.

मुलींच्या वसतिगृहांत सॅनिटरी पॅडचा विषय अजूनही कुजबुजीत राहतो. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने एक साधी पद्धत लोकांपुढे आणली : वापरलेला पॅड कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे तो उघडून पाहण्याची वेळ कुणावर येत नाही. यात खर्च शून्य आहे. प्रत्येक मजल्यावर झाकणाचा स्वतंत्र डबा आणि जुनी वर्तमानपत्रे ठेवणे ही वसतिगृह प्रशासनाची जबाबदारी आहे. ती मुलींनी लाजत मागू नये, लेखी मागावी. ज्यांना जमते त्यांनी कापडी पॅड किंवा कप वापरावा. पण धुण्याला पाणी आणि वाळत घालायला ऊन मिळण्याची सोय नसेल तर हा सल्ला देणाऱ्याने आधी ती सोय मागावी.

कचरा जाळणे मात्र पूर्ण थांबवायला हवे. थंडीत वसतिगृहाच्या मागे प्लास्टिक पेटवून शेकत बसणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेचा दर्जा न गाठणाऱ्या शहरांची जी यादी झाली, तिच्यात महाराष्ट्राची एकोणीस शहरे आहेत आणि कोल्हापूर त्यांपैकी एक. प्लास्टिकचा धूर घेऊन अंगाला मिळणारी ऊब फार महाग पडते.

आनंदांची चीवरे

हे सगळे परदेशातून आलेले फॅड आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने विनयपिटक उघडावे. भिक्खूंनी पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, हिरव्या गवतावरही करू नये, असे नियम पातिमोक्खात आहेत. पावसाळ्यात भिक्खू फिरताना कोवळे गवत आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्या तक्रारीतून वर्षावासाचा नियम आला. म्हणजे संघाने लोकांची तक्रार ऐकली आणि आपली वागणूक बदलली.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली : हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान काढणार? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? झाडण्याची फडकी. आणि शेवटी ती फडकीही कुटून, मातीत कालवून, लिंपायला वापरू. राजाचे समाधान झाले, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आजीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणेल, यात नवीन काय? लुगड्याची वाकळ, वाकळेचे पोतेरे, हा तिचा रोजचा व्यवहार होता. गरिबीतून आलेल्या या शहाणपणाची आपल्याला शिकल्यावर लाज वाटू लागली, हा खरा तोटा आहे. वरच्या वर्गातल्या मुलांनी पुस्तके पुढच्या मुलांना देण्याची साखळी लावणे, वह्यांची कोरी पाने शिवून कच्ची वही करणे, जुना मोबाइल दुरुस्त करून वापरणे यात कमीपणा नाही. यात धम्म आहे. आणि दुसरे शील, अदिन्नादान, म्हणजे न दिलेले घेऊ नये, हेही नदीला लावून पाहा. खालच्या गावाचे स्वच्छ पाणी त्या गावाला न विचारता आपण घाण करून टाकतो, तेव्हा आपण त्यांचे न दिलेलेच घेत असतो.

सक्तीच्या प्रकल्पाचे हत्यार करा

पण खोलीतल्या सवयी बदलून नदी स्वच्छ होणार नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. सारी जबाबदारी विद्यार्थ्याच्या बादलीवर ढकलणे ही कारखान्यांची आणि यंत्रणांची सोय आहे. चौघांनी वाचवलेले पाणी एका रात्रीत सोडलेल्या रसायनाच्या टँकरपुढे काहीच नाही. मग या सवयींचा उपयोग काय? उपयोग असा, की ज्याने स्वतःच्या कचऱ्याचा हिशेब ठेवला, तोच दुसऱ्याला हिशेब विचारू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पदवीला पर्यावरण अभ्यास हा विषय सक्तीचा झाला. त्यात प्रकल्प करावा लागतो. हे प्रकल्प कसे तयार होतात, हे सगळ्यांना माहीत आहे : झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीची फाइल, वर नवीन नाव. दरवर्षी हजारो मुले नदीच्या प्रदूषणावर लिहितात आणि नदीपर्यंत कुणी जात नाही. हे हत्यार आपण गंजू देत आहोत.

आमची सूचना अशी. प्रकल्पासाठी एक वही करा आणि एक सत्र रोज पाच ओळी लिहा : आज पाणी किती वेळ आले, गढूळ होते का, टिपर आला का, खोलीत किंवा गल्लीत कोण आजारी पडले, नाल्याचा रंग-वास कसा होता. गावी गेलात की ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याबरोबर जाऊन ओटी चाचणी पाहा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. जलजीवन मिशनच्या चाचणी संचात एक छोटी बाटली असते. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ती एक-दोन दिवसांत काळी पडते. प्रत्येक गावात पाच महिलांना ही चाचणी शिकवण्याची तरतूद त्या योजनेत आहे. त्या महिला आपल्या गावात कोण आहेत, विचारा. तीच चाचणी आपल्या वस्तीतल्या नळावर करायला लावा.

शंभर मुलांच्या अशा शंभर वह्या एकत्र आल्या, की तो आवाज नुसत्या घोषणेचा राहत नाही. त्यावरून माहिती अधिकारात महापालिकेला विचारता येते : या सत्रात जयंती नाल्यावरचे पंप किती तास बंद होते? प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारता येते : आमच्या वहीतल्या तारखांना तुम्ही पाण्याचे नमुने घेतले का, निष्कर्ष काय? ही उत्तरे घेऊन प्रभागात, ग्रामसभेत, गरज पडली तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठापर्यंत जाता येते.

शिवाजी विद्यापीठाच्या ८५३ एकरांच्या आवारात तळी आणि विहिरींमध्ये पावसाचे पाणी साठवण्याचे काम झाले, त्याचा अभ्यास करायला बाहेरून लोक येतात. एक संस्था ठरवून करू शकते, तर बाकीच्या का नाही, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे.

आपल्या जयंतीपासून

दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी आपले अंगणही पाहू. कोल्हापुरात घरगुती गणेशमूर्ती नदीऐवजी इराणी खणीत आणि कृत्रिम कुंडांत विसर्जित करण्याची सवय रुजली, निर्माल्य वेगळे दिले जाऊ लागले. कार्यकर्ते, शिक्षक, तालमींतली मुले आणि महापालिका यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून ते झाले. श्रद्धेचा विषय असूनही लोक बदलले. मग बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या आपल्या समाजाला काय अडचण आहे?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचे पाउच आणि पताकांचा जो थर उरतो, तो पहाटे कोण झाडतो? बाबासाहेबांच्या जयंतीचा कचरा बाबासाहेबांच्याच लेकराने उचलायचा, हे आपल्याला चालते का? राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, देशात एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. कायदा पाळायला आपण पोलिसांची वाट का पाहावी? कापडी निळ्या पताका करा, त्या दहा वर्षे चालतात. फ्लेक्सऐवजी रंगवलेली भिंत करा. सरबताला स्टीलचे पेले आणि धुवायला दोन स्वयंसेवक ठेवा. चैत्यभूमीवर हार-मेणबत्तीऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याच्या आवाहनाला लोकांनी साथ दिली. तीच पद्धत प्रत्येक विहारात वर्षभर का चालू नये?

पाच जण निवडूया

याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली. तिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे जाहीर केले. शंभर वर्षांनंतर त्याच तालुक्यातून वाहणारी नदी लोकांना आजारी पाडते आहे. पुढारी पुन्हा शोधायला नको. तो विचार आपल्याकडे आहे. आता हवीत ती काम करणारी माणसे.

म्हणून आमचा प्रस्ताव सिद्धार्थाच्या ठरावासारखाच साधा आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ आणि कागल इथल्या प्रत्येक वसतिगृहातून, विहारातून, युवा मंडळातून दोघांनी पुढे यावे. एकमेकांच्या गावात जाऊन एकमेकांचे पाणी पाहावे. कागलच्या मुलाने इचलकरंजीतल्या कामगाराच्या घरी एक दिवस राहावे, इचलकरंजीच्या मुलीने दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी आपल्या मोरीचे पाणी कुठवर जाते, ते तेरवाडच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन पाहावे. पुढाऱ्यांच्या आधी विद्यार्थी एका सतरंजीवर बसले, तर या खोऱ्यातला वाद शत्रुत्वाकडून हिशेबाकडे वळवता येईल.

पहिली बैठक कुठे घ्यायची, याची वाट पाहू नका. ज्याच्या वसतिगृहात मोठी खोली असेल, तिथे घ्या. येताना प्रत्येकाने आपापली वही आणावी, आणि पाण्याची बाटली घरून भरून आणावी.